हे कोण गातंय?

मिरजेला माझा एक जुना मित्र राहतो. मागच्या मार्चात दोन दिवस त्याच्याकडे होतो. सकाळी अंघोळ उरकून बाहेर आलो तर वहिनी भाकरी थापत होत्या आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून कुणीतरी तिलककामोद राग गात होतं. आवाज जाडसर, घासलेला, किंचित रागावल्यासारखा. गोड म्हणावा असा अजिबात नाही. पण तान उतारावर सुटलेल्या बैलगाडीसारखी सुटायची आणि नेमकी समेवर येऊन थांबायची. मी चहाचा कप घेऊन दारातच उभा राहिलो.

"वहिनी, हे कोण गातंय हो?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, चेष्टा करताय का? वझेबुवा. तुमचीच रेकॉर्ड आहे की."

माझीच होती. सात-आठ वर्षांपूर्वी मित्राने ती माझ्याकडून महिनाभर नेली होती आणि फोनवर एक बाजू उतरवून घेतली होती. दुसरी बाजू लावायच्या वेळी लाइट गेली आणि मग ते राहूनच गेलं. तेव्हापासून वहिनी रोज सकाळी भाकरीच्या वेळी रामकृष्णबुवा वझे लावतात.

"ते टक्-टक् ऐकू येतं ना सुरुवातीला? ती तुमची चीर," वहिनी म्हणाल्या. "टक्-टक् थांबलं की पुढच्या तानेला पहिली भाकरी उलटायची. बरोबर होते."

आता माझी पंचाईत सांगतो. ती रेकॉर्ड माझ्या रजिस्टरात 412 नंबरला आहे. चोरबाजारात एका शुक्रवारी पहाटे, अर्धवट उजेडात, साडेतीन हजारांना घेतलेली. लेबलचा रंग, कॅटलॉग नंबर, तबकडीवर लेबलच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स नंबर, सगळं तोंडपाठ. चीरसुद्धा नोंदवलेली आहे: 'काठापासून आत केसचीर, अंदाजे एक इंच, आरपार.' ती चीर वाजते कशी, हे मात्र मला एका स्वयंपाकघरात कळलं. आणि साडेतीन हजारांचा तो गवई समोर गात असताना मी विचारलं, हे कोण गातंय.

---

मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. हद्दी, बांध, पोटहिस्से, फाळण्या. त्यातल्या एकाही गुंठ्यात मी स्वतः काही पेरलेलं नाही, हे बायकोने अनेकदा ऐकवलेलं आहे.

हा नादही मोजणीतूनच लागला. 1992 साली सातारा जिल्ह्यातल्या एका गावी वाड्याची वाटणी होती. दोघे भाऊ इंचाइंचावरून हमरीतुमरीवर आलेले. पडवीच्या खांबाचा मध्य कुठला, यावर दोन तास गेले. माळ्यावर मात्र एक पत्र्याची ट्रंक होती, ती दोघांनाही नको होती. 'साहेब, घेऊन जा.' आत 43 रेकॉर्ड्स, खाकी कागदाच्या पाकिटांत, मधे मधे उंदरांनी कुरतडलेल्या. आईच्या होत्या म्हणे. नाटकातली पदं, दोन-तीन अब्दुल करीम खाँ, थोडं हिराबाई बडोदेकर.

मी त्या ट्रंकेतली एकेक रेकॉर्ड पुसली, नंबर लिहून घेतले आणि फॉर्मवर लिहिल्यासारखं एका रजिस्टरात सगळं मांडलं. घरी ग्रामोफोन नव्हता. पुढची चार वर्षं नव्हता. त्या चार वर्षांत 43 च्या दोनशे झाल्या. हे वाचून हसू येत असेल तर हसा, मला स्वतःला ते विचित्र वाटायला तीस वर्षं लागली. बायको म्हणायची, एवढी भांडी आणली असतीत तर निदान आल्यागेल्याला वाढायला झाली असती.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नव्वदच्या दशकात तिथे जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर दहा रुपयाला एक अशा 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, रेकॉर्ड्स मिळायच्या. नळाच्या तोट्या, चाव्यांचे जुडगे, कुणाच्या तरी लग्नातला फ्रेमसकट फोटो, आणि त्यांच्यामध्ये उन्हात वाकडी होत चाललेली एखादी बाई. मी रेकॉर्डला 'बाई' म्हणतोय, कारण आम्ही संग्राहक तसंच बोलतो. "एक जोहराबाई सुटली हातातून." "त्याच्याकडे तीन सुंदराबाई आहेत, एक देत नाही."

घेतानाची आमची परीक्षा अशी: रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरायची, खाचा काळ्या आहेत की राखाडी ते बघायचं. राखाडी म्हणजे झिजलेली. मग बोटाच्या टोकावर तोलून नखाने हलकी टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर चीर आहे. 412 नंबर मी बद्द आवाज ऐकूनसुद्धा घेतली होती, कारण ती माझ्याकडे नव्हती. म्हणजे रेकॉर्डचा तेवढा आवाज मी ऐकायचो. नखाचा. ग्रामोफोन आल्यावरही फार काही बदललं नाही. नवी आणलेली रेकॉर्ड दहा सेकंद सुरुवातीला, दहा सेकंद मधे, झालं. 'चालते' असा शेरा, आणि कपाटात उभी.

---

संग्राहकांची टिंगल करायला मी बसलेलो नाही. न वाजवण्यामागे खरं कारण आहे. 78 ची तबकडी लाखेची असते. आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्याची लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. दगडाची पूड मुद्दाम घातलेली, म्हणजे पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाची होते. म्हणूनच एका बाजूला एक सुई, मग ती फेकायची. घासताना सुई झिजते तशी थोडी खाचही झिजते. दर वेळी थोडं गाणं भुकटी होऊन सुईला चिकटतं. भिंगातून बघा, काळी पूड दिसते.

आणि या रेकॉर्ड्स ज्यांनी जपल्या त्यांच्यामुळेच त्या काळचं गाणं आपल्यापर्यंत आलं. भास्करबुवा बखले 1922 साली गेले, त्यांची एकही रेकॉर्ड नाही. अल्लादिया खाँसाहेबांची नाही. ते कसे गात होते हे शिष्यांच्या गळ्यावरून ताडायचं. उलट जोहराबाई आग्रेवाली 1913 मध्ये गेल्या आणि आजही फोनवर ऐकू येतात. कुणीतरी वेड्यासारख्या तबकड्या साठवल्या नसत्या, तर ट्रंका भंगारात जाऊन आपण मोकळे झालो असतो.

पण आमच्यात काही नमुने आहेत. एकाकडे एकाच रेकॉर्डच्या पाच प्रती आहेत, दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून. एक जण रेकॉर्ड दाखवताना हातमोजे घालतो आणि आपल्याला खुर्चीत मागे सरकून बसायला सांगतो. नव्या पिढीचं वेगळंच. माझ्या पुतण्याने अडीच हजारांची नवी कोरी एलपी घेतली, प्लेअर नाही, आणि ती कव्हरसकट फ्रेम करून भिंतीवर लावली. गाणं तो फोनवर ऐकतो. मला आधी राग आला. मग लक्षात आलं की निदान तो ऐकतो.

या सगळ्यांची स्वप्नातली रेकॉर्ड माझ्या मते एकच आहे आणि ती बाजारात येणार नाही. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक बारा इंची तबकडी. तिच्यात पृथ्वीवरचं संगीत, आणि हिंदुस्थानातून एकच गाणं घेतलंय: केसरबाई केरकरांची भैरवी. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई. दुसरं यान सुटल्यावर दोन आठवडेही झाले नव्हते, तेवढ्यात त्या मुंबईत गेल्या. तबकडी आज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. एकदम मिंट, एकदाही वाजलेली नाही, ओरिजिनल कव्हरसकट. आमच्यातल्या कुणालाही घाम फुटेल. फक्त पाठवणाऱ्यांनी सोबत सुईसुद्धा दिली आहे आणि कव्हरवर कशी वाजवायची त्याचं चित्र कोरलं आहे. त्यांना ती कुणीतरी ऐकायला हवी होती.

---

मिरजेहून आल्यावर ठरवलं, रोज संध्याकाळी एक रेकॉर्ड. दोन्ही बाजू, पूर्ण. 1 नंबरपासून.

ग्रामोफोन चावीचा आहे. मोटर बोर्डच्या कोपऱ्यात वेग कमी-जास्त करायचा एक छोटा काटा असतो, तो मी कधी हलवलेला नव्हता. 78 म्हणजे 78. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी एक फार जुनी, जर्मनीत हॅनोव्हरला छापलेली रेकॉर्ड लावली. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, गौहरजानचं गाणं घेतलं, आणि 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघेपर्यंत आपल्याकडचं गाणं छापायला बोटीने जर्मनीला जायचं. तिथल्या कारागिरांना कुणाची रेकॉर्ड कुठली ते कळावं म्हणून गाणारे शेवटी आपलं नाव पुकारायचे, असं सांगतात. माझ्या रेकॉर्डवरच्या बाईजीही शेवटी नाव सांगतात, पण इतक्या लगबगीने की गाडी चुकणार असावी.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. 84 वर्षांच्या, तरुणपणी गाणं शिकलेल्या, पेटी अजून घरात आहे. दार उघडं होतं. त्या जिना चढून वर आल्या, धापा टाकत.

"अरे, बाई घाई करतेय की तुझं यंत्र?"

मी म्हटलं, आजी, 78 वर लावलंय.

"असेल. पण पेटी कुठल्याच पट्टीत बसत नाहीये. काळी चारच्या वर आणि पांढरी सहाच्या खाली मधेच लोंबकळतेय. असं वाजवायला पेटीवाला वेडा आहे का?"

रेकॉर्डवर बाईंना पेटीची साथ होती. पेटीला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ठरलेले सूर असतात. काळी चार आणि पांढरी सहा शेजारशेजारच्या, त्यांच्या अधल्यामधल्या सुरात ती वाजत नाही. म्हणजे मधलं काही येत असेल तर चूक तबकडी फिरण्याची. जुन्या काळी सगळ्या कंपन्यांचा वेग एक नव्हता, कुणी 74 वर घ्यायचं, कुणी 80 वर. हे मी वाचलेलं होतं. रजिस्टराच्या मागे लिहूनही ठेवलेलं होतं. आजींनी मला काटा कमी करायला लावला. अजून थोडा. अजून. त्या डोळे मिटून गुणगुणत होत्या आणि हाताने मला खुणावत होत्या, जसा मी कधीकाळी शेताच्या दुसऱ्या टोकाला झेंडी धरून उभ्या असलेल्या माणसाला खुणवायचो. "बस. काळी चार."

आवाज खाली उतरला आणि एकदम त्याला वय आलं. आधी चिरकी पोर वाटत होती, ती आता पस्तिशीची, पान खाऊन बसलेली बाई झाली. शेवटचं नावही तिने सावकाश, ठसक्यात सांगितलं. एवढी वर्षं ती माझ्या कपाटात होती.

दोन पट्ट्यांच्या बरोबर मधून खालच्या पट्टीवर यायचं म्हणजे 78 चे साधारण पावणेशहात्तर होतात, हे मी रात्री गणित करून काढलं. सवय जात नाही.

तीन मिनिटांत गाणं बसवणं काय असतं, हेही आता कळतंय. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. पुढे एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली आणि लोकांना विलंबित गाता आलं. पण या आधीच्या लोकांकडे दम घ्यायलाही जागा नाही. सुरुवात करतानाच मुखडा, दोन आवर्तनांत रागाचा चेहरा, मग अंतरा, मग ताना, आणि शेवटी तबलजी कुणीतरी हाताने खूण केल्यासारखा धावत येऊन सम गाठतो. काहींना ते जमतं, काहींना नाही. एक रेकॉर्ड, जिच्यासाठी मी एकेकाळी महिन्याचा अर्धा पगार घातला होता, ती पूर्ण ऐकली आणि अक्षरशः कंटाळा आला. गाणारे मोठे, नाव मोठं, पण त्या दिवशी त्यांचं मन लागलेलं नव्हतं. पुन्हा लावली. पुन्हा तेच. आणि नाटकातल्या एका किरकोळ नटाची, दहा रुपयाला घेतलेली एक रेकॉर्ड मी सलग आठ दिवस लावली, शेवटी बायकोने ती उशीखाली लपवली.

उशीखाली. लाखेची रेकॉर्ड. मी दुपारी आडवा झालो आणि बशी फुटल्यासारखा आवाज आला.

तिला फार वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण एका संग्राहक मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "वाजवायला काढलीसच कशाला?" त्याचं बरोबर आहे. कपाटात ती आणखी ऐंशी वर्षं धड राहिली असती. मी मात्र ते पद आता आंघोळीला म्हणतो, त्या नटाने जिथे श्वास चुकवला आहे तिथे चुकवून.

---

रजिस्टरात शेवटचा रकाना 'शेरा'. सातबाऱ्यावर असतो तसाच. आतापर्यंत तिथे 'चालते', 'लेबल फाटके', 'बुरशी, साध्या पाण्याने पुसली' असलं काहीतरी असायचं. (स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. एक घालवून बसलोय.) आता त्या रकान्यात जागा पुरत नाही म्हणून चिठ्ठ्या डकवतो. '37: दुसऱ्या बाजूला ताना संपल्यावर मागून कुणीतरी "क्या बात" म्हणतो, की मला भास?' '58: पेटीवाला गाणाऱ्याच्या पुढे पळतो.' '90: आजी रडल्या, का ते सांगितलं नाही.'

412 ला मी क्रमाने पोचायच्या आधीच हात घातला, मिरजेहून आलो त्याच रात्री. पहिलं मिनिटभर टक्-टक्, तबल्याच्या आडवं, तबलजीला न जुमानणारं. मग सुई चिरेच्या आत सरकते आणि सगळं एकदम मोकळं होतं, पंखा बंद झाल्यावर खोली होते तसं. आणि तिथेच ती तान. वहिनींची भाकरीची. सावंतवाडीकडचा हा माणूस गाण्यासाठी ग्वाल्हेरपर्यंत गेला, 1945 साली इथे पुण्यात वारला, आणि मी त्याला कपाटाच्या तिसऱ्या फळीत उभं करून ठेवलं होतं.

मागच्या रविवारी वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "भाऊजी, यांनी एकच बाजू घेतलीय ना हो. दुसऱ्या बाजूला काय आहे?"

राग कुठला, नंबर काय, मी लगेच सांगितलं.

"ते नव्हे. कसं आहे?"

मी पंचाईतीत पडलो. मिरजेहून आल्यावर पहिलीच बाजू दहा-बारा वेळा लावली होती. पालटायचं सुचलंच नव्हतं. म्हटलं थांबा. चावी दिली, रेकॉर्ड उलटी केली, नवी सुई बसवली आणि फोन साउंडबॉक्ससमोर धरला.

"हात हलवू नका," वहिनी तिकडून म्हणाल्या.

सुई टेकली. खरखर, मग टक्, टक्, टक्.

"अगंबाई, यालाही आहे!"

"तीच चीर, वहिनी. पलीकडून."

"गप्प बसा आता," त्या म्हणाल्या. "सुरू झालं."